दोनशे साठात एक

आमच्या तुडीलची एसटी माझ्या डोळ्यांदेखत सुटली आणि पाऊस आडवा आला, म्हणून मी त्या नारळवाल्याच्या ताडपत्रीखाली शिरले. नाहीतर शिरले नसते, हे आधीच सांगून टाकते. शेजारी रानभाज्या घेऊन बसणाऱ्या ठकूबाई अजूनही अख्ख्या महाडच्या बाजारात सांगत फिरतात की मी मुद्दाम गेले होते. त्यांचं काय ऐकायचं.

चष्म्यावर पाणी, ओढणीचा लगदा, आणि काखेत मुलांच्या वह्यांची पिशवी.

"मॅडम, जरा इकडं सरा. तिथं गळतंय."

मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. समोर माझ्याच वयाचा एक माणूस पोत्यावर बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर ओले केस. हसू ओठांवर यायच्या आत त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"मॅडम कशावरून?"

"वह्या दिसतायत. आणि रागानं बघताय."

"मी रागाने नाही बघत. माझा चेहराच तसा आहे."

"मग... बरा हाय," तो म्हणाला, आणि स्वतःच खाली बघायला लागला.

मी राजनंदिनी. वय सत्तावीस, ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि माझ्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा चुळबूळ करत नाहीत. ती मी तिथे ताडपत्रीखाली लाजून उभी. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तीन नारळ द्या. उद्या श्रावणातला पहिला शनिवार. देवाला फोडायचेत, नासका निघता कामा नये."

"दुपारच्या टेम्पोनं चाळीस उतरवलेत, बोहनी तुमचीच. चाळिसात दोन नासके निघतात, त्याला काय इलाज नाय. पण तिसरा निघाला तर महिपत नाव सांगणार नाय."

"महिपत?"

"आज्याचं नाव. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी हाय. तिथं नवी नावं उशिरा पोचतात."

मला हसू आवरेना. तो बघत राहिला, मग एकेक करून तीन नारळ पिशवीत टाकले, आणि तेवढ्यात दुसरी एसटी लागली. मी पळत जाऊन बसले. घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हसू उतरलं.

आमच्याकडे त्या दिवशी तीन नारळ फुटतात. एक गावदेवीला, एक मारुतीला, एक घरच्या देवीपुढे. गावदेवीचा फोडला तर आत काळं, आणि असा वास की पुजाऱ्याने नाकाला पंचा लावला. मारुतीचा चांगला निघाला. घरी आले, देवीपुढचा फोडला... पुन्हा काळा.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. बाबा गेल्यापासून आमच्या घरात आम्ही दोघीच. वर्षभरात माझी दोन स्थळं जमता जमता फिसकटली होती, ते तिने मनात धरून ठेवलेलं. तिने सगळं एका दोऱ्यात ओवलं.

"देवी कोपली गो. माझ्याच हातून काय तरी चुकलंय."

"आई, नारळ नासका होता. बास."

"एक असता तर समजले असते. दोन? आणि दोन्ही देवीचे?" ती उठली, मिठाची बरणी उचलून फळीवर मागे सारली. "आजपासून मीठ सोडलं. देवीचा राग जाईल तवा खाईन."

आईचा बीपी कायम खाली. मीठ तिला डॉक्टरांनी बजावून खायला लावलेलं. मी घाबरले की चिडते. माझी सवयच तशी.

नासक्या वाट्या पिशवीत घातल्या आणि महाडची गाडी पकडली. बसल्या बसल्या तिकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. चाळिसात दोन नासके, हे तो स्वतः म्हणाला होता. एकदा उचललेला नारळ ढिगात परत जात नाही. म्हणजे पहिला नासका हाताला लागण्याची शक्यता चाळिसात दोन. तो गेला, ढिगात राहिले एकोणचाळीस आणि त्यांत नासका एकच. म्हणून दुसऱ्याची शक्यता एकोणचाळिसात एक. तिसरा चांगला हवा, आणि तो चांगला पहिला, मधला किंवा शेवटचा कुठलाही असू शकतो, म्हणून सगळ्याची तिप्पट. उत्तर आलं, दोनशे साठात एक. दोनशे साठ माणसांनी तीन-तीन नारळ नेले तर त्यांतल्या एकाच्या वाट्याला हे येणार. आणि ती एक मी? नाही पटलं. माणूस खोटं बोलला, ढीगच नासका आहे, असं मी ठरवून टाकलं. खरं सांगू का, जास्त राग या गोष्टीचा होता की आदल्या संध्याकाळी मी त्याच्याकडे बघून हसले होते.

तो ताडपत्री झटकत होता. मला पाहून चेहरा उजळला. मी त्या वाट्या त्याच्यासमोर आपटल्या.

"काल माझ्यानंतर किती विकले?"

"एकपण नाय. पावसानं कुत्रं फिरकलं नाय. काय झालं?"

"म्हणजे सदतीस उरलेत. तुम्ही म्हणालात दोन नासके, आणि तीन नारळांत ते दोन्ही माझ्याच पिशवीत आले? याची शक्यता दोनशे साठात एक आहे. तुम्ही फसवलंत मला. हा सगळा ढीग नासका आहे."

आवाज तासाला लागतो तेवढा लागला. माणसं थांबली. ठकूबाईंनी भाजीची जुडी खाली ठेवली. माझ्या वर्गातली ऋतिका आईबरोबर बाजाराला आलेली, तीही थांबली.

महिपतने पोत्याखाली हात घातला. काहीतरी चाचपलं. हात बाहेर काढला, आणि त्याच्या तोंडावरचा रंगच गेला. मला वाटलं, पकडला गेला. त्याने कोयता उचलला आणि ढिगातला पहिला नारळ फोडला.

पांढराशुभ्र. दुसरा फोडला. पांढरा. तिसरा, चौथा... पाणी रस्त्याच्या चिखलात वाहत होतं. दहा झाले तेव्हा मी म्हटलं, "पुरे." त्याने ऐकलं नाही. वीस झाले तेव्हा मी मागे सरकले. सदतिसावा फुटला तोही चांगला, आणि तोवर माझ्या कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या होत्या की अंगावर पडणारा पाऊस बरा वाटत होता.

"झालं समाधान, बाय?" ठकूबाईंनी विचारलं.

मी तिथून निघाले. माफीचा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, याची लाज आजही वाटते.

सोमवारी वर्गात संभाव्यताच शिकवायची होती. ऋतिकाने हात वर केला. पोरगी गरीब स्वभावाची, खवचटपणा तिला जमतच नाही, म्हणून जास्त लागलं.

"मॅडम, दोनशे साठात एक म्हणजे... कधीतरी होतंच ना?"

"होतं," मी म्हटलं, आणि फळ्याकडे तोंड केलं. 'क्वचित म्हणजे अशक्य नव्हे' हे वाक्य मी दरवर्षी मुलांना लिहून देते.

घरी तर माझंच गणित माझ्यावर उलटलं. मी खाली मान घालून आईला सगळं सांगितलं, की नारळवाला प्रामाणिक होता, फक्त योगायोग झाला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सदतीस चांगले निघाले?"

"हो."

"आणि नासके दोनच. दोनशे साठात एकाच्या नशिबी येणारे. मग ते आपल्याच दारात कसे आले गो? कोणी धाडले?"

आई अळणी भात कालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्याच्याकडे गेले. बाजारात शिरताना दोन वेळा मागे वळले.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी... तुम्हाला नको ते बोलले."

तो वर बघेना. "माफी नको, मॅडम. ते गणित तेवढं शिकवा."

"कशाला?"

"चोर ठरलो ना मी त्यानं. कशानं ठरलो ते तरी कळू दे."

हे त्याने चिडून म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. मी मुकाट्याने रिकाम्या खोक्यावर बसले. सात नारळ मांडले, त्यांतल्या दोनांवर खडूने फुली मारली.

"हे दोन नासके समजा. आता डोळे मिटून एक उचला."

"डोळे मिटले तर तुम्ही दिसणार नाय."

"मी दिसायची गरज नाही."

"तुमच्या गणिताला नसंल."

ठकूबाई खोकल्या. त्यांना खोकला नव्हता.

मी रोज जाऊ लागले. एसटीला पाऊण तास असायचा, तो तिथेच जायचा. महिपत बारावीनंतर मुंबईला चार वर्षं एका गोदामात होता, मग कंटाळून परत आलेला. डोकं तल्लख. उचललेला नारळ परत न ठेवता शक्यता कशी बदलत जाते, हे त्याला माझ्या अर्ध्या वर्गाच्या आधी कळलं.

"म्हणजे आधी काय निघालं ते पुढच्याला लागतं."

"बरोबर."

"आणि परत ठेवला तर?"

"मग दरवेळी नव्याने सुरुवात. मागचं काही लागत नाही."

"ते बरं असतं," तो हळूच म्हणाला.

"पण एक अट आहे. उचलताना निवड करायची नाही. आंधळेपणाने जो हाताला येईल तो. कोणी आधीच काही बाजूला काढून ठेवलं असेल तर हे गणित चालतच नाही."

त्याचा हात तसाच थांबला. नारळ खाली ठेवला, आणि म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी लागली." गाडी लागली नव्हती. मला वाटलं, मी काहीतरी टोचून बोलले असेन. घरी जाऊन रात्रभर तेच उगाळत बसले.

मध्येच गिऱ्हाईक यायचं, नारळ उचलायचं, आणि बरोबरचं कोणीतरी कुजबुजायचं, "हा तोच ना, नासके देणारा?" नारळ परत ढिगात. सदतीस चांगले निघाले हे कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं, मी ओरडले ते मात्र सगळ्यांच्या राहिलं होतं. महिपत तो नीट रचून ठेवायचा. मला चहा मागवायचा, आपण प्यायचा नाही. आणि मी बघायचे त्याच्याकडे... कसल्या तोंडाने बघत होते कोण जाणे. ज्या माणसाचं नाव मीच घालवलं, त्याच्याविषयी असं वाटायला मला अधिकार तरी काय होता? पण वाटत होतं. कॉलेजची शेवटची घंटा झाली की पाय आपोआप बाजाराकडे वळत.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. इतर नारळवाल्यांकडे झुंबड, याच्याकडे दोन-चार माणसं. मी खोक्यावर उभी राहिले.

"ऐका जरा," मी म्हटलं. "पंधरवड्यापूर्वी मी इथे या माणसाला फसवा म्हणाले. मी कॉलेजात गणित शिकवते, तरी चुकले. ते योगायोगाने झालं होतं. याच्या नारळांत काही खोट नाही. खोट माझ्या बोलण्यात होती. मी सगळ्यांसमोर याची माफी मागते."

"मॅडम, नको," महिपत म्हणत होता. "उतरा खाली. नको म्हणतोय ना."

मला वाटलं, त्याला संकोच वाटतोय. मी उतरले. माणसं त्याच्या ढिगाभोवती गोळा झाली, पण तो विकायचं सोडून माझ्याकडेच बघत होता, आणि त्याचे डोळे भरलेले होते.

"आता तुमचं तरी मिटलं," मी पुटपुटले. "घरचं मिटवता येईना. आईने त्या दिवसापासून मीठ सोडलंय. देवी कोपली म्हणते. काल परसात चक्कर येऊन पडली."

"कधीपासून सोडलंय?"

"नारळ नासके निघाले तेव्हापासून."

"मला हे आधी का नाय सांगितलंत?"

"तुमचा काय संबंध त्यात?"

दुसऱ्या दिवशी त्याची जागा रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. माल कशेडी घाटात दरडीमागे अडकलाय, असं बाजारात म्हणत होते. ठकूबाई म्हणाल्या, "कसली दरड. वर वाडीवर गेलाय. काय बोललीस गो त्याला?"

काय बोलले होते ते मलाच कळेना. मी आपली मागचं सगळं आठवून लाजत राहिले.

रविवारी सकाळी तो आमच्या दारात उभा. इस्त्रीचा सदरा, पायात चिखल, हात रिकामे. तुडीलमध्ये नाव विचारत विचारत आलेला, म्हणजे निम्म्या गावाला आता माहीत. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. भिंतीला टेकून, कारण टेकल्याशिवाय तिला बसवत नव्हतं.

"आये, मी महिपत. नारळवाला."

आईने त्याला नीट निरखलं. "बस रे पोरा. राजे, पाणी आण."

पाणी घेऊन आले तरी तो उभाच होता.

"तुमच्या देवीचा काय राग नाय, आये. मीठ खावा. ते माझ्यामुळं झालं." तो उभ्यानेच सांगत राहिला. "चाळीस नारळ उतरवले तवा मी एकेक कानाशी हलवून बघितला होता. दोन नासके निघाले. ते मी पोत्याखाली वेगळे ठेवले, माघारी द्यायला. मग मॅडम आल्या. एक नारळ ढिगातला घातला, पण... त्या हसत होत्या. पुढचे दोन हाताला लागतील तसे घातले. मी नारळाकडं बघत नव्हतो."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

"दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तवा पोत्याखाली हात घातला, तर रिकामं. तवाच कळलं. पण बाजूला काढलेले नारळच दिले म्हणालो असतो तर चोरच ठरलो असतो. आणि का दिले ते तिथं कसं सांगू? लाज वाटली. म्हणून फोडत सुटलो."

"म्हणजे माझं गणित चुकलं नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "योगायोग नव्हताच तो. मी वर्गात तोंड लपवून शिकवत होते. भर बाजारात खोक्यावर उभी राहून माफी मागितली—"

"आणि मी ती घेतली," तो म्हणाला. "तीन दिवस वाडीवर तोंड लपवून बसलो होतो. तुमच्या आईसमोर सांगायचं कसं, तेच जुळवत होतो."

"रोज गणित शिकत होतात माझ्याकडून. एकदाही बोलला नाहीत."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नसता."

यावर चिडायचं कसं ते मला सुचेना. चिडायला तर हवं होतं. आई कितीतरी वेळ सुपातल्या तांदळावरून नुसता हात फिरवत होती. तिने एक लांब श्वास सोडला, आणि पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले. मग तिने माझ्याकडे नजर वळवली.

"याचं कळलं. तुझं काय गो?"

"माझं काय?"

"नारळ हातात आला की कानाशी हलवून बघायचा, हे तुला सात वर्षांची असल्यापासून शिकवलंय. आजवर एक नारळ तू न हलवता आणलेला नाय. त्या दिवशी हलवलास?"

एसटी आली होती, असं मी सांगू शकले असते. पाऊस होता, हातात वह्या होत्या. सगळं खरंच होतं.

"नाही," मी म्हटलं.

"का?"

महिपतने मान वर केली. मी तांब्या खाली ठेवला.

"मी पण... नारळाकडे बघत नव्हते."

मी माझ्या पायांकडे बघत होते, तो त्याच्या चिखलाच्या चपलांकडे. आई भिंतीला धरून उठली. सूप काखोटीला मारलं, आत गेली, आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला.

"राजे, मिठाची बरणी कुठं गेली गो? त्याला जेवायला थांबव."